जैसलमेरचा किल्ला आणि पाणी



किल्ला हा शब्द कानांवर पडला कीं आपणां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढें सह्याद्रीचा काळा कातळ उभा राहतो. ताशीव कडे, धुक्यांत बुडालेल्या माच्या आणि खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं हें आपल्या किल्ल्यांचें परिचित रूप. चार महिने आकाशांतून कोसळणारें पाणी अडवून ठेवावयाचें आणि तें उरलेले आठ महिने पुरवावयाचें, ही आपल्या गडकऱ्यांची मुख्य विवंचना असे. परंतु जेथें असे चार महिनेच नाहींत, जेथें वर्षभराचा पाऊस मोजला तर तो सरासरी सात इंचांच्या आसपास भरतो आणि कांहीं वर्षीं तेवढाही पडत नाहीं, अशा ठिकाणीं किल्ला कसा बांधावा आणि त्यांत माणसांनीं कसें राहावें? आज ज्या किल्ल्याची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, त्या किल्ल्यानें या प्रश्नाला आठशें वर्षांहून अधिक काळ उत्तर दिलें. तो किल्ला म्हणजे राजस्थानच्या पश्चिम टोकाचा, थरच्या वाळवंटांतील जैसलमेरचा किल्ला.

जोधपुराहून पश्चिमेकडे रस्त्यानें सुमारें पावणेदोनशें मैल गेलें म्हणजे सपाट, खुरट्या झुडपांच्या माळावर एक एकटी टेकडी दिसूं लागते. तिचें नांव त्रिकूट. सभोंवतालच्या जमिनीपासून ती अडीचशें फूट उंच आहे. सह्याद्रीच्या मापानें पाहिलें तर ही उंची कांहींच नव्हे. पण दृष्टि पोहोंचेल तेथवर दुसरा उंचवटाच नसल्यामुळें तीच दुर्गम वाटते. या टेकडीच्या माथ्यावर सुमारें पंधराशें फूट लांब आणि साडेसातशें फूट रुंद असा हा किल्ला पसरला आहे. टेकडी पिवळी, तट पिवळा, घरें पिवळीं. मावळत्या उन्हांत हें सारें सोन्यासारखें झळकूं लागतें, म्हणून त्याला सोनार किल्ला म्हणतात. आणि सत्यजित राय यांनीं १९७४ मध्यें त्याच नांवाचा बंगाली चित्रपट काढल्यापासून तर हें नांव सर्वतोमुखीं झालें आहे. प्रवाशांचें लक्ष या सोन्याकडे जातें तें स्वाभाविकच आहे. परंतु या किल्ल्याचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्यानें सोन्याकडे थोडा काळ दुर्लक्ष करून पाण्याचा माग घ्यावा, असें मला वाटतें. किल्ल्याचा जन्म, त्याची बांधणी, त्याचें रक्षण, त्यांतील विद्याधन आणि आज त्याच्यावर आलेलें संकट, हीं सर्व त्या एकाच सूत्रांत ओंवलेलीं दिसतील.

प्रथम स्थापनेची कथा पाहूं. जैसलमेरचे राजे भाटी कुळांतील राजपूत. ते आपणांस यदुवंशीय, म्हणजे श्रीकृष्णाचे वंशज म्हणवीत. त्यांची आधींची राजधानी लोद्रवा येथें होती. हें स्थळ जैसलमेरपासून दहा मैलांवर, उघड्या मैदानांत आहे. बाराव्या शतकांत भाऊबंदकी माजली, राजधानीवर आक्रमणें झालीं आणि रावळ जैसल यास लोद्रव्याची जागा असुरक्षित वाटूं लागली. तेव्हां त्रिकूट टेकडीवर राहणाऱ्या एका तपस्व्यानें त्याला एक प्राचीन वृत्तांत सांगितला, अशी परंपरागत कथा आहे. श्रीकृष्ण आणि अर्जुन एकदां या टेकडीवर आले होते; अर्जुनाला तहान लागली; तेव्हां कृष्णानें सुदर्शन चक्रानें खडक फोडून पाण्याचा झरा काढला आणि पुढें माझा एक वंशज येथें गड बांधील असें भाकीत केलें. जैसलानें तें ऐकलें आणि विक्रम संवत् १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन ११५६ मध्यें, या टेकडीवर पाया घातला. जैसलचा मेरु, म्हणजे जैसलचा पर्वत, तो जैसलमेर. कथेंतला तो झरा म्हणजे किल्ल्यांतली जैसलू नांवाची विहीर, असें दाखविण्यांत येतें.

इतिहासकार या कथेंतील श्रीकृष्णार्जुनांना बाजूस ठेवील. पण कथा टाकून देणार नाहीं. कारण तींत एक खरी गोष्ट सांगितली आहे. राजाला टेकडीची उंची दिसत होतीच. तो निर्णय घेण्यास थांबला होता तो पाण्यासाठीं. येथें विहीर लागते ही खात्री पटल्यावरच राजधानी हलली. आपल्याकडे शकुन, स्वप्न किंवा देवीचा कौल यांवरून गडाची जागा ठरल्याच्या कथा आहेत. वाळवंटांतील कथेंत मात्र देवानें स्वतः येऊन विहीर खणून द्यावी लागली.

अशा रखरखीत प्रदेशांत राजधानी करण्याचा खटाटोप तरी कशासाठीं, असा प्रश्न येथें सहज उद्भवतो. त्याचें उत्तर व्यापारी मार्गांत आहे. सिंध आणि मुलतान यांकडून एका बाजूस गुजरात व दुसऱ्या बाजूस दिल्ली यांकडे जाणारे उंटांचे तांडे या वाळवंटांतून जात. जमीन पिकत नव्हती. पण वाट पिकत होती. तांड्याला वाटेंत पाणी, विसांवा आणि संरक्षण लागे; त्यांबद्दल तो जकात देई. म्हणजे जैसलमेरचें राज्य हें मुळांत पाण्याच्या ठिकाणांवरचें राज्य होतें. ज्याच्या हातीं विहिरी त्याच्या हातीं वाट, आणि ज्याच्या हातीं वाट त्याच्या हातीं खजिना.

आतां बांधणीकडे वळूं. किल्ल्याला दगड लागला तो टेकडीच्या आसमंतांतलाच. पिवळसर वालुकाश्म आणि चुनखडी यांचे तेथील थर कोट्यवधि वर्षांपूर्वीं, जेव्हां या जागीं उथळ समुद्र होता, तेव्हां त्याच्या तळाशीं जमले. त्यांत शंखशिंपल्यांचे अवशेष आजही सांपडतात. जेथें आज घोटभर पाण्याची पंचाईत, तेथल्या घराघराच्या भिंतींत एकेकाळच्या सागराचा गाळ रचलेला आहे! हा दगड खाणींतून निघतांना कामाला सोपा असतो, म्हणून तेथील शिलावटांनीं त्यांत लांकडावर करावें तसें बारीक जाळीकाम केलें.

हे दगड जोडले कसे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. चुना भिजवावयाचा, मळावयाचा आणि लावल्यावर दिवसचे दिवस ओला ठेवावयाचा म्हणजे मनस्वी पाणी हवें. तें आणावयाचें कोठून? म्हणून किल्ल्याचें पुष्कळसें काम कोरडें आहे. एका दगडाला खांच आणि दुसऱ्याला कंगोरा ठेवून ते एकमेकांत बसवावयाचे, कोठें दगडी खुंटीनें तर कोठें लोखंडी पट्टीनें ते पक्के करावयाचे, आणि बाकीचें काम त्यांच्या वजनावर सोंपवावयाचें, अशी ही रीति. घरांच्या छपरांवर लांकडी तुळया, त्यांवर गवत-काट्यांचा थर आणि त्यावर मातीचा जाड थर असे. हा मातीचा थर उन्हाचा ताप खालीं उतरूं देत नाहीं. पाऊस क्वचित् पडत असल्यामुळें मातीच्या छपराची भीति नव्हती. तुळयांचें लांकूड मात्र दुरून आणावें लागे; म्हणून एका घरचें जुनें लांकूड दुसऱ्या घराला पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडे.

तटबंदी तीन पदरी आहे. सर्वांत खालची भिंत टेकडीच्या उताराला धरून, तिचा पायथा ढासळूं नये अशा हेतूनें मोठ्या चिऱ्यांनीं बांधलेली आहे. दुसरी भिंत किल्ल्याला वेटोळें घालून जाते. तिसरी सर्वांत आंतली. हिच्या माथ्यावरून रक्षक शत्रूवर दगड लोटीत. तसे मोठमोठे गोल धोंडे कठड्यांवर आजही मांडून ठेवलेले दिसतात. बुरुज एकूण नव्व्याण्णव आहेत. एवढे बुरुज एकाच राजाच्या कारकीर्दींत झाले नाहींत. त्यांतील ब्याण्णव १६३३ ते १६४७ या काळांत उठले. बुरुज जवळजवळ आणि अर्धगोल असल्यामुळें दुरून पाहणाऱ्याला तट पदरावर पदर घातल्यासारखा दिसतो. आंत जाण्याची वाट एकच, आणि ती अखई पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ व हवा पोळ अशा चार दरवाजांतून वळणें घेत चढते. यांतला पहिला दरवाजा अठराव्या शतकांत रावळ अखैसिंह यानें बांधला. दरवाजाच्या तोंडाशींच रस्ता एकदम वळवलेला असल्यामुळें हत्तीला धांव घेऊन धडक मारण्यास जागाच मिळत नाहीं. हवा पोळ ओलांडली कीं दसरा चौक लागतो. चौकावर राजवाड्याचे सज्जे झुकलेले आहेत आणि भोंवतीं गल्ल्यांचें जाळें आहे. गल्ल्या इतक्या अरुंद कीं ऊन तळापर्यंत पोहोंचूं नये आणि वाळूचें वादळ आंत शिरूं नये.

याच गल्ल्यांच्या कडेनें आणखी एक रचना होती. पाऊस जो काय थोडा पडे, तो मुरूं न देतां उतारानें झपाट्यानें टेकडीबाहेर काढून देणाऱ्या दगडी नाल्या बांधलेल्या होत्या; त्यांना तेथें घूट नाली म्हणतात. पाण्याच्या प्रत्येक थेंबासाठीं जीव टाकणाऱ्या माणसांनीं गडावर पडलेलें पाणी गडाबाहेर घालविण्याची एवढी दक्षता घ्यावी, याचें आश्चर्य वाटेल. परंतु तींत मोठा विचार होता. टेकडीचा माथा टणक असला तरी तिच्या पोटांत मऊ मातकट दगडाचे आणि चिकणमातीचे थर आहेत. ते कोरडे आहेत तोंवर वरचा सगळा भार सोसतात; भिजले कीं फुगतात आणि घसरूं लागतात. हें बांधणाऱ्यांना ठाऊक होतें असें त्यांच्या कृतीवरून दिसतें. म्हणून त्यांनीं पाण्याचा सांठा बहुतेक टेकडीखालीं ठेवला, आणि टेकडी स्वतः कोरडी राखली.

खालचा मोठा सांठा म्हणजे गडसीसर तलाव. चवदाव्या शतकांत रावळ गडसी यानें उद्ध्वस्त जैसलमेर पुन्हां वसविलें, आणि त्याच्याच नांवानें हा तलाव ओळखला जातो. भोंवतालच्या खडकाळ उतारांवरून पावसाचें पाणी याच्याकडे वाहत येईल अशी त्याची योजना आहे. विसाव्या शतकांतही, नळ येईपर्यंत, गांवाचें पिण्याचें पाणी मुख्यतः येथूनच जाई. बायका घडे डोक्यावर घेऊन येत. घड्यानें आणलेलें पाणी घड्यानेंच खर्च होतें. आंघोळीचें पाणी धुण्याला, धुण्याचें पाणी सारवणाला, असा एका पाण्याचा दोनतीनदां उपयोग होई; आणि शेवटीं जें उरे तें जमिनींत मुरण्याइतकेंही नसे. आसपासच्या खेड्यांत पालीवाल ब्राह्मणांनीं खडीन नांवाची शेती चालविली होती. उताराच्या तळाशीं मातीचा लांब बांध घालावयाचा, पावसाचें पाणी त्यामागें अडवावयाचें आणि तें मुरलें कीं त्या ओलीवर गहूं-हरभरा पिकवावयाचा. सात इंच पावसांत गहूं पिकविणें ही लहान विद्या नव्हे.

आतां युद्धांचा वृत्तांत. जैसलमेरच्या भाटांच्या परंपरेंत अडीच साके सांगितले जातात. किल्ला हातचा जाणार अशी खात्री झाली म्हणजे स्त्रियांनीं जोहार करावा आणि पुरुषांनीं केशरी वस्त्रें नेसून दरवाजे उघडून मरावयास बाहेर पडावें, याला साका म्हणतात. पहिला साका अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यांत झाला अशी परंपरा आहे. भाटी लोकांनीं दिल्लीकडे जाणारा खजिन्याचा तांडा लुटला, त्यामुळें हा वेढा पडला असें भाट सांगतात. त्यांनीं दिलेलें साल अल्लाउद्दीन १२९६ मध्यें तख्तावर येण्यापूर्वींचें पडतें, म्हणून तारखेविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. परंतु तयारीचें जें वर्णन परंपरेंत आलें आहे, तें वाळवंटी युद्धाच्या रीतीला धरून आहे. रावळ जैतसीनें गडावर धान्याचा सांठा केला, बुरुजांवर धोंडे रचले, वृद्धांना व मुलांना वाळवंटांत दूर पाठविलें आणि सभोंवतालचा मुलूख आपल्याच हातांनीं उजाड केला. वेढा कित्येक वर्षें चालला. वेढा घालणाऱ्या सैन्याला पाणी आणि दाणावैरण दुरून आणावी लागे. आंतल्या लोकांना विहिरीचें पाणी होतें, पण धान्य संपत होतें. अखेर साका झाला. दुसरा साका चवदाव्या शतकांत तुघलकांच्या वेळीं, रावळ दुदा याच्या कारकीर्दींत झाल्याचें सांगतात.

अर्धा साका १५५० मधील. अमीर अली नांवाच्या कंदाहारच्या परागंदा पठाण सरदाराला रावळ लूणकरणानें आश्रय दिला होता. आपल्या बेगमांना राण्यांची भेट घ्यावयाची आहे, असा निरोप त्यानें पाठविला. आणि पडद्याच्या पालख्यांतून हत्यारबंद माणसें गडावर चढविलीं. चिता रचण्यास वेळ नव्हता. म्हणून कित्येक स्त्रिया आप्तांच्याच तरवारीखालीं पडल्या. इतक्यांत मदत येऊन पोहोंचली आणि गड वांचला. रावळ मात्र त्या झटापटींत कामास आला. जोहाराचा अग्नि पेटला नाहीं, म्हणून हा साका अर्धा. तीन पदरी तट आणि घातक वळणें ज्याला थोपवूं शकलीं असतीं, तो शत्रु पाहुण्याच्या वाटेनें आंत आला. आणि तो आंत आल्यावर या बांधकामाचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

याच लूणकरणाच्या कारकीर्दींत आठ वर्षें आधीं घडलेला एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. १५४२ मध्यें शेरशहाकडून पराभूत झालेला हुमायून बादशहा मारवाडाकडे आश्रयासाठीं गेला होता. तेथें दगा होईल या भयानें तो जैसलमेरच्या बाजूनें वाळवंटांतून परत फिरला. बरोबर त्याची गरोदर बेगम हमीदाबानू होती. जैसलमेरकरांनीं त्याच्यावर मोठें सैन्य पाठविलें नाहीं. त्यांनीं वाटेंतल्या विहिरी वाळूनें बुजविल्या. ही हकीकत जौहर नांवाच्या हुमायूनच्या सेवकानें आपल्या आठवणींत नमूद केली आहे. आणि हा जौहर बादशहाचा आफ्ताबची, म्हणजे त्याचा पाण्याचा तस्त सांभाळणारा नोकर होता! पाण्याच्या त्या हालांचा त्याच्याइतका जाणता साक्षीदार दुसरा कोण मिळावा? तहानेनें माणसें आणि जनावरें मेलीं. उरलेले कसेबसे सिंधमधील उमरकोटास पोहोंचले, आणि तेथें त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत अकबराचा जन्म झाला. पुढें १५७० मध्यें हाच अकबर बादशहा नागोर येथें आला असतां जैसलमेरच्या रावळ हरराजानें त्याचें मांडलिकत्व पत्करलें आणि आपली कन्या त्याला दिली. ज्याच्या आईवडिलांना विहिरींचें पाणी नाकारलें, त्याच्याशींच सोयरीक जुळली.

येथें महाराष्ट्रीय श्रोत्याच्या मनांत एक प्रश्न येईल. अठराव्या शतकांत मराठ्यांच्या फौजा राजपुतान्यांत सर्वत्र फिरल्या. जयपूर, जोधपूर, उदेपूर यांनीं त्यांना खंडण्या दिल्या. मग जैसलमेरचें काय झालें? जैसलमेर त्यांच्या मार्‍यांतून वांचलें. त्याचें श्रेय बुरुजांपेक्षां भोंवतालच्या निर्जल पट्ट्याला दिलें पाहिजे. मराठ्यांचें बळ घोड्यांत होतें, आणि घोड्याला रोज पाणी लागतें. इंग्रजांशीं तह करणाऱ्या राजपूत संस्थानांतही जैसलमेर अगदीं शेवटच्यांपैकीं एक. तो तह १८१८ च्या डिसेंबरांत, महारावळ मूळराज याच्या वेळीं झाला.

शांतता आली आणि श्रीमंत व्यापारी गडाखालीं उतरून हवेल्या बांधूं लागले. पटवा घराण्याच्या हवेल्यांचें काम १८०५ च्या सुमारास सुरू झालें. दिवाण सालिमसिंगाची हवेली त्यानंतर थोड्याच वर्षांत उभी राहिली. परंतु या वैभवाला मुंबईनें शह दिला. समुद्रमार्गें येणारा माल मुंबई बंदरांत उतरूं लागला, पुढें आगगाड्यांनीं तो देशभर नेला, आणि उंटांच्या वाटा ओस पडूं लागल्या. मुंबईच्या कापूस व कापड व्यापारांत नांवारूपास आलेला भाटिया समाज आपलें मूळ जैसलमेरच्या भाटी राजपुतांत असल्याचें सांगतो, ही गोष्ट या संदर्भांत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९४७ च्या फाळणीनें सिंधकडची उरलीसुरली वाटही बंद झाली.

महाराष्ट्राशीं या किल्ल्याचा आणखी एक संबंध आहे, आणि तो व्यापाराहून मोलाचा आहे. गडावर पार्श्वनाथ, चंद्रप्रभ, संभवनाथ इत्यादि तीर्थंकरांचीं सात जैन मंदिरें एकमेकांस लागून आहेत. तीं श्रीमंत व्यापाऱ्यांच्या दानांतून बाराव्या ते सोळाव्या शतकांत उभीं राहिलीं. शेजारींच राजाचें लक्ष्मीनाथाचें मंदिर आहे. राजा वैष्णव आणि त्याचे सावकार जैन असतां दोघांचे देव एकाच तटाच्या आंत नांदले. या जैन मंदिरांच्या खालीं तळघरांत पंधराव्या शतकांत आचार्य जिनभद्रसूरि यांनीं ग्रंथभांडार स्थापन केलें. गुजरातेंतून व अन्य ठिकाणांहून ताडपत्रावरील पोथ्या येथें आणून ठेवल्या. लुटारूंपासून दूर, आणि हवा इतकी कोरडी कीं ताडपत्राला वाळवी-बुरशी सहसा लागूं नये. आपल्या कोंकणांत दोनशें वर्षेंही न टिकणारी पोथी येथें आठशें वर्षें टिकली.

१८७४ च्या जानेवारींत मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांतील विख्यात संस्कृत पंडित डॉ. ब्यूलर या भांडाराच्या शोधार्थ जैसलमेरास गेले. त्यांच्याबरोबर तेवीस वर्षांचे हेर्मान याकोबी होते, जे पुढें जैन विद्येचे धुरंधर म्हणून प्रसिद्धीस आले. तेथें त्यांना बिल्हण कवीच्या ‘विक्रमांकदेवचरित’ या महाकाव्याची ताडपत्री प्रत मिळाली. दोघांनीं तेथेंच बसून तिची नक्कल करून घेतली, आणि १८७५ मध्यें तें काव्य मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत छापून निघालें. हें काव्य कोणाविषयीं आहे? कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील सहावा विक्रमादित्य याच्याविषयीं. १०७६ ते ११२६ अशीं पन्नास वर्षें त्यानें राज्य केलें, आणि आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या सत्तेखालीं होता. काश्मीरांतून आलेल्या कवीनें दक्षिणेंतल्या राजाचें लिहिलेलें चरित्र काळाच्या जबड्यांतून वांचून आपल्या हातीं आलें, तें राजस्थानच्या वाळवंटांतल्या एका कोरड्या तळघरामुळें. आपल्या इतिहासाचें एक पान त्या किल्ल्यानें राखून ठेवलें होतें, हें आपण विसरतां कामा नये.

आतां शेवटचें प्रकरण. आणि तें पाण्याच्या अभावाचें नसून विपुलतेचें आहे. स्वातंत्र्योत्तर काळांत सतलजेचें पाणी वाळवंटांत आणण्याची मोठी योजना निघाली. राजस्थान कालव्याचें काम १९५८ मध्यें सुरू झालें; तोच पुढें इंदिरा गांधी कालवा या नांवानें ओळखला जाऊं लागला. १९८७ च्या आरंभीं त्याच्या मुख्य प्रवाहाचें पाणी जैसलमेर जिल्ह्यांतील मोहनगडापाशीं पोहोंचलें. गडावर घरोघरीं नळ आले. ज्या बायकांच्या कित्येक पिढ्या डोक्यावर घडे वाहून थकल्या, त्यांच्या दृष्टीनें हा केवढा दिलासा! या सुखाला कोणींही नांवें ठेवूं नयेत. त्यानंतर प्रवासी आले. काहीं हजार वस्तीच्या त्या गडावरील अनेक घरांचीं विश्रामगृहें झालीं, आणि खोलीखोलीला न्हाणीघर लागलें. पाणी वर चढविण्याची व्यवस्था झाली. खालीं उतरविण्याची मात्र त्या मानानें झाली नाहीं. जुन्या घूट नाल्या कोठें बुजल्या, कोठें त्यांवर बांधकाम झालें. नव्या मोऱ्या आणि नळ गळूं लागले. आठशें वर्षें कोरडी राखलेली टेकडी आंतून भिजूं लागली. पोटांतली चिकणमाती फुगली, भिंतींना तडे गेले, कांहीं बुरुज ढासळले. चुन्याशिवाय, केवळ वजनावर उभ्या असलेल्या भिंतीचा पाया एका बाजूनें खचला, तर तिला धरून ठेवणारें दुसरें कांहीं नसतें. मातीचीं जाड छपरेंही जोराच्या पावसांत ओलीं होऊन जड होतात आणि तुळयांना पेलेनाशीं होतात.

१९९६ मध्यें जागतिक स्मारक निधि या संस्थेनें धोक्यांतील वास्तूंच्या यादींत या किल्ल्याचें नांव घातलें. त्यानंतर वाड्याच्या दुरुस्तीचीं व मोऱ्या सुधारण्याचीं कामें झालीं. २०१३ मध्यें चितोड, कुंभळगड, रणथंभोर, गागरोण व अंबर यांच्याबरोबर जैसलमेरचा युनेस्कोच्या जागतिक वारशांत समावेश झाला. सन्मान झाला, पण संकट टळलें असें नाहीं. २०२४ च्या ऑगस्टांत जोराच्या पावसानंतर तटाच्या भिंतीचा एक भाग कोसळला.

मग करावें काय? किल्ला रिकामा करावा, असें सुचविणारे लोक आहेत. परंतु जैसलमेरच्या किल्ल्यांत आजही संसार चालू आहेत. देवळांत घंटा वाजते, गल्लींत मुलें खेळतात. तीं माणसें घालवून दगड राखले तर राखलें तें काय? उलट, त्यांना नळ सोडून पुन्हां घड्यांकडे जा असें सांगण्याचा अधिकारही आपणांपैकीं कोणाला नाहीं. मला वाटतें, उत्तर जुन्या बांधणाऱ्यांनींच देऊन ठेवलें आहे. त्यांनीं पाणी आणण्याचा जितका विचार केला, तितकाच तें घालविण्याचा केला. वर जाणाऱ्या प्रत्येक घागरीबरोबर खालीं उतरणाऱ्या नालीचाही हिशेब त्यांच्याजवळ होता. नव्या नळांना तसाच हिशेब लावावा लागेल. गळत्या मोऱ्या बदलाव्या लागतील, बुजलेल्या नाल्या मोकळ्या कराव्या लागतील, आणि गडावर किती खोल्या प्रवाशांसाठीं बांधावयाच्या याला कोठेंतरी मर्यादा घालावी लागेल. या कामांत दिखाऊ असें कांहीं नाहीं. मोरीच्या दुरुस्तीचा उद्घाटन-समारंभ कोणी करीत नाहीं आणि तिचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं.

परंतु खिलज्यांच्या वेढ्यानंतर जो किल्ला पुन्हां वसला, ज्याच्याभोंवतीं बादशहाची माणसें तहानेनें तळमळलीं आणि ज्याच्या वाटेस मराठ्यांचे घोडेही गेले नाहींत, त्या किल्ल्याचें पुढील आयुष्य आतां या साध्या मोऱ्यांवरच अवलंबून आहे. आपणांपैकीं कोणी जैसलमेरास गेले, तर मावळतीचें सोनें डोळे भरून जरूर पाहावें. त्याचबरोबर पायाखालच्या गल्लीच्या कडेला एखादी दगडी नाली दिसली, तर तिच्याकडेही क्षणभर लक्ष द्यावें. आणि तेथें राहतां तितके दिवस पाणी बेतानें वापरावें.